एकोणीस वर्षांचा गळा

डिसेंबरात आमच्या ग्वाल्हेरला संध्याकाळी पाचनंतर ऊन नावालाच उरतं. त्या दिवशी आई पायांवर रजई घेऊन मटार सोलत बसली होती आणि आतल्या खोलीत माझी भाची अभ्यास करता करता मोबाइलवर गाणी ऐकत होती. दार अर्धवट उघडं. पियानोचे तेच ते सूर खालून पुन्हा पुन्हा येत होते, त्यावर एका मुलीचा आवाज, आणि वर चढताना मधेच किंचित फाटणारा गळा. आईचा हात थांबला. तिनं कान दिला आणि म्हणाली, "या पोरीचा घसा जाणार गं. असं रेटून गातात का? हिला थांबवणारं कुणी नव्हतं?" मग पुन्हा शेंगा. मी समोरच बसले होते. ते गाणं लंडनच्या गायिका ॲडेलचं होतं, तिच्या पहिल्या अल्बममधलं, आणि २०११ च्या नोव्हेंबरात बॉस्टनला तिच्या स्वरतंतूंवर लेझरनं शस्त्रक्रिया करावी लागली होती हे मला ठाऊक होतं. आईला इंग्रजी गाण्यातलं अक्षर कळत नाही. तरी जे व्हायचं होतं ते तिनं अर्ध्या मिनिटात ओळखलं. "आई, तू म्हणतेस तसंच झालं," एवढं म्हणायला काय हरकत होती? मी गप्प बसले.

का गप्प बसले, हे पुढं कितीतरी दिवस खुपत राहिलं.

तो अल्बम २८ जानेवारी २००८ ला आला. नाव नुसतं '१९'. गाणी रचली तेव्हाचं तिचं वय. ती १९८८ च्या मे महिन्यातली, मी तिच्याहून थोडी मोठी. म्हणजे लंडनमध्ये तिचा अल्बम पहिल्या क्रमांकावर जात होता तेव्हा मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी पहाटे अंधारात तंबोरा घेऊन खर्जावर बसत होते. तिची गाणी माझ्यापर्यंत पोचायला वर्षभर लागलं. एका मैत्रिणीच्या दादानं बंगळूरहून पेन ड्राइव्ह आणला होता, त्यात शेकडो गाण्यांच्या गर्दीत हा एक फोल्डर होता. बाड्यावरून टेम्पोत बसायचं, कानात इयरफोन घालून त्यावर मफलर गुंडाळायचा आणि हजिऱ्यापर्यंत ऐकत जायचं. टेम्पोच्या घरघरीत गाण्यातलं निम्मं हरवायचं. राहायचा तो आवाज. माझ्याच वयाची मुलगी इतक्या उघडपणे, कुणाची परवानगी न मागता गाते आहे, याचा मला तेव्हा आनंद जास्त झाला की दुखलं जास्त, ते आजही नक्की सांगता येत नाही.

कारण आमच्या घरचा शिरस्ता वेगळा होता. आई हीच माझी गुरू. तिच्या गुरूंनी तिला जे सांगितलं तेच तिनं मला सांगितलं: कोवळा गळा झाकून ठेवायचा. पलटे, आकार, मग मोजक्या बंदिशी, त्याही वर्षानुवर्षं त्याच. लोकांपुढं गायचं नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनात सिनेमातलं गाणं म्हणायचं नाही, सर्दी असेल तर तोंडही उघडायचं नाही. एकदा मामानं टेपरेकॉर्डर आणून माझा यमन भरून घ्यायचं ठरवलं तर आई म्हणाली, "आत्ता काय ठेवायचंय त्यात? अजून दहा वर्षांनी ठेव." ती दुष्ट नव्हती. मी गाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. पण कच्चं गाणं साठवून ठेवण्यासारखं असतं, हे तिच्या शिकवणीत कुठंच बसत नव्हतं. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, थायरॉइडनं आवाज जड झाला, आणि ती दहा वर्षं नुसती निघून गेली. एकोणिसाव्या वर्षी मी कशी गात होते, ते आज कुठंही नाही. आईच्या कानात असेल तेवढंच.

म्हणून '१९' मी गाण्यांसाठी ऐकते तितकीच त्या वयासाठीही ऐकते.

पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा साथीला एक गिटार, बाकी काही नाही. एवढ्या मोठ्या अल्बमची सुरुवात इतकी साधी. तिचा श्वास ऐकू येतो, तो कुणी पुसून टाकलेला नाही. काही शब्द ती घशातून बारीकसा धक्का देऊन उचलते, काही ओळींच्या शेवटी आवाज सोडून देते, आणि मग जे उरतं ते जवळजवळ बोलणं असतं. उच्चार तर थेट तिच्या दक्षिण लंडनच्या गल्लीतले. ती सोल ही अमेरिकन गायकी गाते, पण तिथल्या गायिकांचा उच्चार उसना घेत नाही. माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात खरं गाणं असंच एका गिटारवर गायलेल्या गाण्यांमध्ये सापडतं. 'चेसिंग पेव्हमेंट्स' जगभर गाजलं, त्याच्यावरच २००९ चं ग्रॅमी मिळालं, पण त्यातली तंतुवाद्यांची लाट मला जरा जास्त वाटते. बारा गाण्यांपैकी बरीचशी निर्माता म्हणून जिम ॲबिसनं सांभाळलीत, एक मार्क रॉन्सननं. त्या एका गाण्यात ताल असा घट्ट आहे की तिला श्वासाला जागाच कमी मिळते, आणि तरी ती त्यातून चिडून, भांडून वाट काढते. ते भांडण मला आवडतं.

बॉब डिलनचं एक गाणंही तिनं त्यात घेतलंय. डिलननं ते १९९७ मध्ये गायलं तेव्हा तो छप्पन वर्षांचा होता. माणसानं आयुष्यात काय काय हरवलं ते त्या गाण्यात त्याच्या खरखरीतून कळतं. तेच शब्द एकोणीस वर्षांची मुलगी म्हणते तेव्हा तिला आपण कशाकशाचं वचन देतोय याचा अंदाजच नाही. वादळात साथ देईन, वाटेल ते सोशीन. तिनं अजून काही सोसलेलं नाही. लोक म्हणतात, तिच्या आवाजात वयापेक्षा जास्त अनुभव आहे. मला उलटं वाटतं. त्या आवाजात अनुभव नाही, अनुभवाची तयारी आहे, आणि पुढं पन्नाशीला ती हे कितीही सुंदर गाईल तरी ही तयारी पुन्हा येणार नाही.

ती शिकली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. क्रॉयडनच्या ब्रिट स्कूल या कलाशाळेत ती होती खरी, २००६ ला बाहेर पडली. पण त्याच्याही आधी एकदा दुकानातल्या स्वस्त सीडींच्या ढिगात तिला जुन्या अमेरिकन गायिका एटा जेम्सचा फोटो दिसला आणि तसे केस कापून घ्यायचे म्हणून तिनं ती सीडी घेतली. ऐकली बऱ्याच दिवसांनी. मग ऐकतच राहिली. गुरूनं शिष्याकडं पाहिलंही नाही, गुरूला शिष्य आहे हेही माहीत नाही, आणि शिक्षण चालू. हे मी वाचलं तेव्हा मला लगेच आमच्या ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ आणि हस्सू खाँ आठवले. बडे मोहम्मद खाँ आपली तान कुणाला शिकवत नसत, तर या दोघा भावांना पडद्यामागं बसवून महिनोन्‌महिने ऐकवलं, अशी गोष्ट ग्वाल्हेरच्या प्रत्येक गाणाऱ्या घरात सांगतात. कानावर पडलेलं घरी जाऊन घोटायचं. जे घराणं समोरासमोरच्या तालमीसाठी इतकं ओळखलं जातं, त्याच्या मुळाशी असं चोरून ऐकणं आहे.

पण तीच गोष्ट पुढं सांगताना आईचा आवाज बदलतो. कारण पुढं हस्सू खाँची कडक बिजलीची तान आहे. दरबारात बडे मोहम्मद खाँनी ती गायला लावली, एकदा झाली, म्हणाले पुन्हा घ्या. एका दमात, खालून वर आणि वरून खाली, गळ्याचा आणि छातीचा सगळा जोर लावून. दुसऱ्यांदा घेताना बरगडी सरकली, तोंडातून रक्त आलं. आजोबा नत्थन पीरबख्श शेजारी होते. त्यांनी शालीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, बेटा, मरायचंच आहे तर तान पुरी करून मर. त्यानं ती पुरी केली. इतिहास किती आणि दंतकथा किती, हे जाणकार ठरवोत. लहानपणी मला ही शौर्यकथा वाटायची. आई मात्र ती नेहमी इशारा म्हणून सांगायची. "पाहिलंस? गळा हा काही जिंकायचा गड नाही." तिच्या साऱ्या शिकवणीमागं ही भीती आहे, हे मला फार उशिरा दिसलं. ती आवाज झाकून ठेवायला सांगत होती ते लाजेपायी नव्हे. तो मोडेल म्हणून.

आणि तिच्या बाजूला पुरावा थोडाथोडका नाही. ग्वाल्हेरचे गवई कृष्णराव शंकर पंडित १९८९ मध्ये गेले तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते. म्हातारपणीही ते ज्या दमानं, ज्या मोकळ्या गळ्यानं गात, ते ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळतं. अक्षरं घरंगळतात, पण आकार भक्कम आणि तान अंगावर चालून येणारी. १९१४ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं इथं शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथल्या शिस्तीच्या गोष्टी मी आईच्या तोंडून ऐकत मोठी झाले. नव्वदीतही गळा साथ देतो, तो विशीत जपला म्हणून. हे सूत्र आमच्याकडं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे त्यावरच जगले. इकडं ॲडेलची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पुढं २०१७ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममधले शेवटचे दोन कार्यक्रम रद्द करावे लागले, पुन्हा स्वरतंतूच. आमच्या माधव संगीत महाविद्यालयाच्या पायरीवर बसलेला कोणताही मास्तर हे ऐकून मान हलवील आणि म्हणेल, खालचा षड्ज नीट लावून घेतला असता तर.

तरीही.

गायक द. वि. पलुस्कर मला या वादात नेहमी मधे उभे दिसतात. १९५५ मध्ये, चौतीसाव्या वर्षी गेले. त्यांचं गाणं आपण ऐकतो ते सगळं तरुणाचं गाणं आहे, त्यांच्याकडं म्हातारपणीचा आवाज झालाच नाही. त्या मुद्रणांत आहे तो स्वच्छपणा, सुरावर पाऊल ठेवतानाचा तो हलकेपणा. तो पिकला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मनात येतो, पण ऐकताना काही उणं वाटत नाही. समजा, त्यांना कुणी सांगितलं असतं की थांबा, चाळिशीनंतर रेकॉर्ड काढा? आपल्यापाशी काय उरलं असतं? आईला मी हे एकदा विचारलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्यांची तालीम झाली होती." हे बरोबर आहे. पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

गाण्यात कच्चेपणाचीही एक जागा आहे, असं मला आता वाटतं. बडा ख्याल मांडायला धीर लागतो, ठेहराव लागतो, ते विशीत येत नाहीत, मान्य. पण पहिलं प्रेम मोडल्यावर मुलगी जे गाते ते तिनं चाळिशीची वाट पाहून गायचं कसं? '१९' मधली बहुतेक गाणी एका मोडलेल्या नात्याची आहेत. त्यांत शहाणपण नाही. समजूतदारपणा तर नाहीच. ती विचारते, रुसते, पुन्हा त्याच माणसाकडं वळते. पुढं २०११, २०१५ आणि २०२१ मध्ये तिचे '२१', '२५' आणि '३०' आले, प्रत्येक नाव वयाचंच. आवाज भरत गेला, हुकमत आली, गाण्यांची बांधणी कितीतरी पटीनं सरस झाली. मी ते सगळे ऐकते. पण त्या अल्बमांत ती मुलगी नाही. ती फक्त पहिल्यात आहे, आणि ॲडेललाही तिच्यापर्यंत जायचं तर तोच अल्बम लावावा लागेल.

आईसमोर मी गप्प राहिले ते यामुळं, असं मला हळूहळू उमगलं. "तू म्हणतेस तसंच झालं" असं मी म्हटलं असतं तर वाद तिथंच मिटला असता. घसा गेला, म्हणजे गाणं चुकलं, म्हणजे थांबायला हवं होतं. आईचं निदान खरं आहे, पण त्यावरून निघणारा निकाल मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगायला माझ्याजवळ माझा स्वतःचा एकोणिसाव्या वर्षीचा आवाज नव्हता. असता तर मी तो लावून दाखवला असता. ऐक, यात दोष आहेत, आणि ऐक, यात हेही आहे.

आता त्या गाण्याविषयी, जे त्या संध्याकाळी लागलं होतं. 'होमटाउन ग्लोरी'. अल्बममधलं शेवटचं, पण तिनं आयुष्यात रचलेल्या अगदी पहिल्या गाण्यांपैकी एक. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आईनं तिला एकटीनं वाढवलेलं. शिक्षणासाठी वेस्ट नॉरवूड सोडून दुसरीकडं जा, असं आईचं म्हणणं, आणि हिला जायचं नव्हतं. भांडण झालं आणि त्या तिरीमिरीत दहा मिनिटांत गाणं झालं, असं तीच सांगते. २००७ च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा निघालं तेव्हा त्याच्या अवघ्या ५०० तबकड्या काढल्या होत्या. गाण्यात काय आहे? रस्ते आहेत, रस्त्यातली माणसं आहेत, शहराची दाट, धूसर हवा आहे. आपल्या गावाबद्दल इतका साधा अभिमान, तोही लंडनच्या ज्या भागाकडं कुणी वळून पाहत नाही त्या भागाबद्दल.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे भांडण उलट्या दिशेनं होतं. इथं मुलांना जायचं असतं. पुणं, इंदूर, बंगळूर. शिंदे की छावणी, जीवाजीगंज, दौलतगंज, एकेकाळी दारादारांतून मराठी ऐकू यायचं, गणपतीत आरत्यांचे आवाज एकमेकांत मिसळायचे. आता वाड्यांच्या वरच्या मजल्यांना कुलपं आहेत आणि खाली दुकानं. तानसेन समारोहाच्या सुरुवातीला अजून ढोलीबुवांची हरिकथा असते, आम्ही पाच-सहा ओळखीची डोकी एकमेकांना शोधत तिथं जातो, थंडीत हात चोळत बसतो, आणि दर वर्षी कुणाची तरी मुलं कुठं गेली याच्या बातम्या घेऊन परततो. भाचीलाही बारावीनंतर पुण्याला जायचंय. मी तिला विचारलं, इतकी इंग्रजी गाणी पडली आहेत, तुला हेच का आवडतं? ती म्हणाली, "आत्या, हिला तिचं गाव आवडतं आणि ती ते ओरडून सांगते. मला पण आपलं गाव आवडतं, पण मी इथं राहणार नाही. मग मी काय गाऊ?" मला काही सुचलं नाही. किल्ल्याच्या भिंती, सराफ्यातली गर्दी, जानेवारीत धुक्यात बुडालेली दहा वाजेपर्यंतची सकाळ, गजकचा खमंग वास, हे सगळं तिच्या आत आहे. कोणत्या रागात ते बाहेर येईल, येईल की नाही, कुणी सांगावं. तिच्या वयाला असताना हे शहर माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याविषयी काही गावं, असं मनातही आलं नव्हतं.

ती आईकडं शिकते. माझ्यापेक्षा चांगली शिकते, कारण ती प्रश्न विचारते. गळा मोकळा आहे, ग्वाल्हेरचा म्हणतात तसा उघडा आकार लागतो, पण तार सप्तकात गेली की घाई करते आणि सूर आवळतो. तिथं मला तिचा स्वभाव दिसतो. हट्टी, उतावळी, आणि हळवी.

मागच्या महिन्यात मी तिचा भूप रेकॉर्ड करायचं ठरवलं. आईला वाटलं होतं तसा विरोध तिनं केला नाही. "मोबाइलवर काय कळणार," एवढंच म्हणाली आणि तंबोरा जुळवायला स्वतःच बसली. जवारी, म्हणजे तारांची ती गुंजती आस, मनासारखी लागेपर्यंत तिनं आम्हाला ताटकळत ठेवलं. बाहेरून भंगारवाल्याची हाक, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी, तेही सगळं त्यात आलंय. अंतऱ्यात भाचीचा श्वास पुरला नाही, वरचा गंधार कडेनं फाटला, ती तशीच पुढं गेली आणि समेवर आली. आई लगेच म्हणाली, "परत घे. आधी श्वास, मग सूर." परत घेतलं. या खेपेला गंधार बरोबर लागला, पण तिचं सगळं लक्ष तिथंच होतं हेही ऐकू येतं. मला आधीचं ठेवायचंय. आई म्हणते, ते पुसून टाक, उद्या कुणी ऐकलं तर माझी शिकवण काय म्हणतील. आठवडाभर आमचं यावरून चाललंय, जेवताना, भाजी निवडताना, झोपायच्या आधीही. भाचीनं काल दोन्ही ऐकली, अंतरा दोनदा मागं नेऊन ऐकला आणि म्हणाली की पुसू नका काही, आजी, आणि परीक्षा झाल्यावर नवं करू या, पण त्यात तंबोरा मी जुळवणार.